झूम नाही त्याले

…आता झूमच नाही म्हटल्यावर माणसानं करावं तरी काय, हे तुमीच सांगा मले! म्हणजे कॅमेरा आहे, चांगला आहे, त्याच्या पुढे लावाले भिंग आणलं, नवंकोरं, डब्यातलं, कापडात गुंडाळलेलं, आन त्याले झूम नाही. दूरचं जवळ आणत नाही, जवळचं दूर नेत नाही, फिरवाले जागा नाही, ओढाले दांडी नाही, नुसतं बसून आहे आपलं, सासरी आलेल्या जावयासारखं. म्हणते, जे काय करायचं थे तुमी करा, मी इथून हलत नाही.

हे गाऱ्हाणं आमच्या शेजारच्या किसनरावचं आहे बरं का. अकोल्यात त्यांच्या भिंतीले आमची भिंत लागून, त्याच्यामुळं तुमाले सांगतो, तिकडं वरणाले फोडणी बसली का इकडं मले ठसका लागते. तर किसनराव म्हणजे सारी हयात एस्टीत कंडक्टर. अकोला-अमरावती, अकोला-अकोट आन पुढं नरनाळ्याचा पायथा, अकोला-अचलपूर, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, पायाखालची जमीन सदा हालतीच. निवृत्त झाले तवा त्या माणसाची एकच इच्छा होती, का ज्याले चाकं नाहीत अशा वस्तूवर बसायचं. अंगणात खुर्ची टाकली, पेपर घेतला, बसले. आन नेमकं तवाच त्यांच्या घरच्यांच्या, शकुनवहिनीच्या, मनानं घेतलं का आता आपण फिरायचं. नुसतं फिरायचं नाही, फिरून फोटो काढायचे.

त्याचं कारण त्यांची पोट्टी, आकांक्षा. ती अमरावतीले राहते, नांदगाव पेठेच्या कापडाच्या गिरणीत इंजिनेर आहे. तिनं नवा कॅमेरा घेतला आन जुना मायले देऊन टाकला. पण जुन्याचं भिंग पडून फुटलेलं, म्हणजे घरी आलं थे कॅमेऱ्याचं नुसतं धड, मुंडकं नाही. मंग मुंडकं आणाले नवरा-बायको अमरावतीले गेले.

दुकानदार पियुष नावाचा, लय गोड बोलणारा. त्यानं पहिले जे भिंग काढलं थे म्हणे लवकीएवढं, दुधी भोपळ्याएवढं लांब. किसनरावनं डोळा लावला, फिरवलं, तर रस्त्यापलीकडच्या दवाखान्याच्या पाटीवरचं डॉक्टरचं शिक्षण वाचता आलं. किसनराव खुश. म्हणाले, हेच बांधून द्या. माणूस दूर बसल्या बसल्या सारं पाहीन, उठायचं काम नाही. पण वहिनीनं थे हातात घेतलं, गळ्यात अडकवलं, दुकानात दोन चकरा मारल्या आन म्हणाल्या, मान दुखते. आन डोळा लावला तर आत अंधार वाटते. पियुष म्हणे, काकू, मंग हे पाहा. आन त्यानं एक पिटुकलं भिंग काढलं, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढं. पन्नासचं, म्हणजे पन्नास मिलिमीटरचं. त्याच्यापेक्षा जरा रुंद दाखवणारं दुसरं, पस्तीसचं. म्हणे याले प्राइम म्हणतात, याले झूम नसते, पण उजेड भरपूर घेते, सावलीत, घरात, संध्याकाळी, कुठंही काढा.

वहिनी दोन्ही भिंगं घेऊन फुटपाथवर उतरल्या आन नवऱ्याले स्कूटरपाशी उभं केलं. पन्नासच्यात किसनरावचं नुसतं डोकं मावलं. पस्तीसच्यात किसनराव, स्कूटर, मागचा गिल्या वड्याचा गाडा आन गाड्यावरचा माणूस, सारे आले. वहिनी म्हणाल्या, "फिराले गेल्यावर माणूस बी दिसला पाहिजे आन गाव बी दिसलं पाहिजे. नुसतं तुमचं डोकं तर मी घरी बी पाहते." पस्तीसचं बांधलं. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत किसनराव खिडकीकडं तोंड करून बसले आन मूर्तिजापूर गेल्यावर एकच वाक्य बोलले, झूम नाही त्याले.

मंग घरी सुरू झालं. आता झूम नाही म्हणजे फोटो काढणाऱ्यालेच पुढं-मागं व्हा लागते ना. जवळचं पाहिजे तर जवळ जा, सारं मावलं पाहिजे तर मागं सरका. किसनराव दात घासून राहिले, वहिनी हातभर अंतरावर. किसनराव पेपर वाचून राहिले, पेपराच्या वरून भिंग. भाजी बाजारात तर वहिनी वांग्याच्या ढिगात इतक्या वाकल्या, का एका बाईनं त्याईलेच भाव विचारला. आन मागं सरकणं त्याच्याहून वाईट. मागं डोळे नसतात माणसाले. एकडाव महादेवाच्या देवळाचा कळस मावून नव्हता राहिला म्हणून वहिनी मागं, मागं, मागं… एका बांधून ठेवलेल्या म्हशीवर जाऊन टेकल्या. म्हैस भली होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून किसनरावले ड्युटी लागली. वहिनीच्या मागं उभं राहायचं आन सांगायचं, येऊ दे, येऊ दे, थांब. ज्या माणसानं साऱ्या जन्मात ड्रायव्हरले गाडी मागं घेताना शिट्ट्या मारल्या, त्याले म्हातारपणी बायको मागं घ्या लागली, आन ते काहून, तर झूम नाही त्याले.

आता असं झालं, का आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाची सहल निघाली नरनाळ्याच्या किल्ल्यावर. मंडळाच्या अध्यक्ष मंजुषाताई. आवाज असा, का बोलल्या म्हणजे ठराव पास. आमची जमुना, म्हणजे माझी बायको, ती बी मंडळात आहे, तिनं सांगितलं म्हणून मले ठाऊक. नवऱ्याईले सहलीत मनाई होती. पण मंजुषाताईले सहलीचे चांगले फोटो पाहिजे होते, आन वहिनी फोटो काढणार म्हणजे मागं एक माणूस पाहिजेच, नाहीतर किल्ल्यावरून मागं सरकल्यावर म्हैस नसते ना टेकाले! म्हणून एका किसनरावले खास परवानगी मिळाली. सतरंजी, पाण्याची कॅन, थैल्या, हेही त्याईनंच उचलायचं ठरलं. साऱ्या ट्रॅव्हलरमधी बाया आन मागच्या सीटवर मांडीवर थैल्या घेऊन किसनराव.

किल्ल्यावर काय झालं थे थोडक्यात सांगतो. बाकीच्या बायाईनं महाकाली दरवाजा दुरून मोबाईलवर ओढून ओढून मोठा केला, दोन मिनिटात दरवाजा झाला, चला पुढं. वहिनी चालत दरवाज्यापाशी गेल्या, दगडातल्या फुलाईपाशी गेल्या, हात लावला, आन मंग फोटो काढला. तोफेपाशी तेच. तोफ इतकी लांब का पस्तीसच्यात मावेना, तर वहिनीनं अर्धीच काढली, तोंडाकडची. किसनराव म्हणाले, उरलेल्या अर्ध्या तोफेनं काय पाप केलं? जिकडं तिकडं मंडळ पुढं आन हे दोघं मागं, आन मंजुषाताई घड्याळ पाहून राहिल्या.

खाली उतरून परतीच्या वाटेवर, अकोटच्या अलीकडं, एका टपरीवर गाडी च्या प्याले थांबली. टपरीच्या मागून पायवाट जात होती आन वावरापलीकडं पानमळा दिसत होता, विड्याच्या पानाचा. उंच उंच वेली, वर सावलीचं झाकण, आत हिरवागार अंधार, आन त्या अंधारात कोणाचं तरी लाल लुगडं हलून राहिलं होतं. वहिनीनं कॅमेरा उचलला, पाहिलं, तर लुगडं म्हणजे एक लाल ठिपका. झूम असतं तर टपरीवरूनच काम झालं असतं का नाही? तुमीच सांगा. पण नाही ना. वहिनी म्हणाल्या, "आली मी," आन चालाले लागल्या. आन किसनराव, मागं म्हैस असो का विहीर असो, आपली ड्युटी म्हणून त्याईच्या मागं.

मळ्यात पानं खुडणारी बाई गोदाबाई नावाची. वहिनी माहेरच्या अचलपूरच्या, फुलवाल्याईच्या घरच्या, त्यांच्या बापाचे फुलाईचे वाफे, म्हणून पानाफुलातल्या बायाईशी बोलणं त्याईले शिकवा लागत नाही. कॅमेरा तर पहिले गळ्यातच राहिला. पान कसं खुडता, नख कसं लावता, जून कोणतं, कवळं कोणतं, माहेर कुठलं. किसनराव बांधावर उभे, एक पाय इकडं, एक पाय तिकडं, आन मान टपरीकडं. आन मान टपरीकडं असतानाच त्याईनं पाहिलं, का ट्रॅव्हलर धूळ उडवून निघून जाऊन राहिली.

अहो, त्या माणसाचं काय झालं असंन तवा! साऱ्या नोकरीत एक पॅसेंजर मागं सोडला नाही त्यानं. कोणाची म्हातारी झाडामागं गेली तरी घंटी धरून उभा राहिलेला माणूस, आन आज त्यालेच सोडून गाडी गेली. पळत टपरीवर आले, मंजुषाताईले फोन लावला. मंजुषाताई म्हणे, अगं बाई, म्हणजे तुमी मागच्या सीटवर नाहीत का? तिथं थैल्याईचा ढीग दिसला, आमाले वाटलं तुमीच आहात. आता ड्रायव्हर मागं फिरवत नाही, पण तुमाले काय, तुमी एस्टीतले, तुमाले साऱ्या गाड्या ठाऊक, या मागून.

किसनराव उलट पावली मळ्यात आले. आत वहिनीनं आत्ता कुठं कॅमेरा डोळ्याले लावला होता. आन मंग किसनराव जे बोलले, थे त्याईनंच मले नंतर सांगितलं, आन सांगताना खाली पाहून सांगितलं. म्हणाले, तुझ्या या नादापायी मले आज लोकाईनं रस्त्यावर टाकलं. म्हणाले, साऱ्या बाया एका जागी उभ्या राहून फोटो काढतात, तुले एकटीलेच जाऊन चिकटा लागते. घरी गेल्यावर हे भिंग मी पियुषले वापस देतो.

वहिनीनं डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. एक फोटो काढला, शांतपणे. मंग कॅमेरा खाली केला आन म्हणाल्या,

"तुमी रोज या रस्त्यानं गेले. तुमाले सारे स्टॉप पाठ आहेत. मी रोज तुमचा डबा भरला आन दारातून पाहिलं. मले एक बी स्टॉप माहीत नाही, किसनराव. मले उतरून पाहू द्या."

लग्नापासून त्या बाईनं नवऱ्याले नावानं हाक मारली नव्हती, तुमाले सांगतो. किसनराव म्हणतात, मले पहिले नावच ऐकू आलं, बाकीचं मागून समजलं. आन समजल्यावर त्याईच्या ध्यानात आलं, का आपण हजारदा या रस्त्यानं गेलो, टपरीवर गाडी थांबवली, तिकिटाचे पैसे जुळवले, पण हा मळा आपण बी कधी आत येऊन पाहिला नाही. स्टॉप पाठ होता, गाव नव्हतं.

गोदाबाईनं दोघाईकडं पाहिलं. चुना-कात लावून दोन विडे दिले आन म्हणे, बसा, गाड्या येत राहतात. बसले बुवा. खुर्ची नाही, पेपर नाही, ओल्या मातीवर पोतं टाकून किसनराव बसले, आन वेलीतून खाली गळणारा हिरवा उजेड पाहत राहिले. वहिनी वेलीत शिरल्या, निघाल्या, गोदाबाईच्या हाताचे फोटो काढले, नखाचे काढले, आन खुद्द किसनरावचा फोटो काढला का नाही हे त्याईले कळलंच नाही, कारण विडा लय चांगला जमला होता. त्या दिवशीचे फोटो मी पाहिले आहेत. मले त्याच्यातलं काही समजत नाही, पण गोदाबाईच्या हातातल्या पानाच्या शिरा मोजता येतात, आन तेवढ्या अंधारात. लवकीएवढं भिंग तिथं काही कामाचं नव्हतं, हे आता किसनराव स्वतः सांगतात. म्हणजे सांगतात, आन लगेच पुढं म्हणतात, पण झूम नाही त्याले.

मंग आली एस्टी. अकोटले बदलली, अकोल्याची घेतली. कंडक्टर किशोर नावाचा, किसनरावच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं पुढचं पहिलं सीट दिलं, वहिनी खिडकीत, किसनराव बाजूले. गाडी रिकामीच होती. अकोट सुटलं, उन्हं उतरली, आन थोडं पुढं जाते ना जाते तर रस्त्याच्या कडेले कोण उभं? ट्रॅव्हलर, बॉनेट उघडं, धूर निघून राहिलेला, ड्रायव्हर गाडीखाली, आन बाहेर आमचं सारं मंडळ सतरंजी टाकून. आमची जमुना म्हणते, आमी म्हटलं आता कोणती बी गाडी येऊ दे, दुधाची बी चालन.

आता मले सांगा, तुमी असता तर काय केलं असतं? मी तर किशोरले म्हटलं असतं, दाब जरा. खिडकीतून हात हालवला असता. किसनरावच्या मनात बी आलं, ते खोटं बोलत नाहीत. पण बस जवळ आली, आन हात आपोआप वर गेला, घंटीची दोरी ओढली. एक ठोका. गाडी थांबली. सवय, दुसरं काय! किसनराव दारात उभे राहिले आन म्हणाले, "चला, लेकराबाळाईनं पहिले, सामान मागं." लेकरं कोणीच नव्हती, पण वाक्य तसंच आहे ना. मंजुषाताई चढताना नुसतं खाली पाहून राहिल्या होत्या. किसनराव म्हणाले, पायरी उंच आहे, जपून. बस, एवढंच बोलले. याच्याहून जास्त कोणी कोणाले लाजवू शकत नाही.

गाडी भरली, बाया बसल्या, हसणं सुरू झालं, कोणाच्या तरी थैलीतून शेंगदाण्याचे लाडू निघाले, किशोरले दोन, ड्रायव्हरले एक. आन मंजुषाताईले पुन्हा आवाज फुटला. म्हणे, दिवसभरात साऱ्याईचा मिळून एक फोटो नाही, शकुनताई, आता काढाच. सारं मंडळ एकात पाहिजे, ग्रुपवर टाकू, हॉलमधी लावू. वहिनीनं मागं वळून पाहिलं, मंग नवऱ्याच्या हातात कॅमेरा दिला. म्हणाल्या, मी बी मंडळातच आहे ना. आज तुमी काढा. चौकोन दिसते आत, थो कोणावर धरा आन दाबा.

किसनराव ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. समोर भरलेली गाडी, साऱ्याईची तोंडं आपल्याकडं. डोळा लावला. मावेना. मागं सरकावं, तर मागं ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणे, काका, आता माझ्या मांडीवर बसता का? झूम असतं तर… पण नाही ना त्याले! मंग पाठ दांडीले लावली, पोट आत घेतलं, गाडीनं एक खड्डा खाल्ला, आन किसनरावनं दाबलं.

दुसऱ्या दिवशी आकांक्षानं फोटो मोठा करून पाठवला. आन मंडळात जो गोंधळ माजला म्हणता, बापा बापा! फोटोत पहिल्या सीटवर शकुनवहिनी. केस उडून राहिलेले, ओठ विड्यानं लाल, आन डोळे इतके साफ, का त्यात बसची खिडकी दिसते, खिडकीत उतरतं ऊन दिसते. आन त्याईच्या मागं, तुमाले सांगतो, काहीच नाही. म्हणजे सारं मंडळ आहे, पण विरघळलेलं. इकडं एक गुलाबी डाग, तिकडं एक निळा डाग. मंजुषाताई म्हणजे एक जांभळा ढग, चष्म्यासकट. आकांक्षानं फोनवर समजावून सांगितलं, का भिंग मळ्यातल्या अंधारासाठी पूर्ण उघडलेलं होतं, तसंच राहिलं, आन तसं असलं का ज्याच्यावर चौकोन धरला थोच माणूस साफ येते, बाकीचे सारे पुसून जातात. पण हे विज्ञान मंजुषाताईले कोण सांगणार? त्या चार बाया घेऊन सरळ किसनरावच्या दारात. म्हणे, गाडीभर बाया बसल्या होत्या, तुमाले चौकोन ठेवाले दुसरं कोणी भेटलं नाही?

किसनराव खुर्चीत बसले होते. पेपर खाली घेतला. म्हणाले,

"तिथून मले तीच दिसली."

बस. आन पेपर पुन्हा वर घेतला. बाया एकेक करून आपापल्या घरी गेल्या. मंडळानं ठराव केला, का पुढच्या सहलीले कोणाच्याच नवऱ्याले आणायचं नाही, आन फोटो मोबाईलवरच काढायचे. शकुनवहिनीनं फोटो पाहिला, केस बांधाले पाहिजे होते म्हणाल्या, आन किसनराव अंघोळीले गेल्यावर पुन्हा पाहिला. पुढच्या महिन्यात दोघंच लोणारले जाऊन राहिले, एस्टीनं, जिथं वाटलं तिथं उतरत उतरत. म्हणजे त्यांचं झालं चांगलं. त्यांचं काही म्हणणं नाही.

माझं काय करायचं? आमची जमुना त्या फोटोत तिसऱ्या सीटवर आहे. म्हणजे पिवळा डाग आहे, मी साडीवरून ओळखला. तवापासून ती माझ्याशी नीट बोलत नव्हती. काल जेवताना वाढता वाढता थांबली आन म्हणे, मी डाग आली त्याचं मले काही वाटत नाही. पण तिथं किसनभाऊच्या जागी तुमी उभे असते, तर मी दिसली असती का? आता याले काय उत्तर देता तुमी? मी म्हटलं, दिसली असती. तिनं पोळी ताटात टाकली आन म्हणे, मंग काढून दाखवा.

उद्या सकाळच्या गाडीनं मी अमरावतीले जाऊन राहिलो बुवा. कोणाले तिकडून काही आणायचं असंन तर सांगून ठेवा.